चाळीस ओळी, चाळीस स्तंभ

हॉस्पिटलच्या तळघरात, किरणोपचाराच्या मशीनशेजारच्या खोलीत तो प्रोग्राम लिहायचा. साधी गोष्टही फळ्यासमोर उभं राहिल्यासारखी समजावायची खोड, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणत.

काम तसं सरळ होतं. एका तक्त्यात डॉक्टरांनी ठरवलेला डोस, चाळीस ओळी, चाळीस स्तंभ. दुसरा तक्ता तेवढाच. नाजूक जागी किरणांचा झोत किती कमी करायचा, त्याचे आकडे. पहिल्यातला प्रत्येक आकडा दुसऱ्यातल्या त्याच जागेवरच्या आकड्याने गुणायचा. बस्स.

नवं मशीन येऊन तीन आठवडे झाले, तेव्हा ते चालवणाऱ्या ताई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मास्तर, त्या बसस्टँडवर घोषणा करणाऱ्या बाई आहेत ना, त्यांचा गळा नको त्या बाजूला भाजलाय. मला काही ठीक दिसत नाही.”

त्याने फायली उघडून दोन्ही तक्ते शेजारी लावले. नवं मशीन दुसरा तक्ता आडव्याचा उभा करून देत होतं, ओळींच्या जागी स्तंभ, स्तंभांच्या जागी ओळी. ओळी-स्तंभ कमी-जास्त असते, तर प्रोग्राम तिथेच अडला असता. इथे दोन्ही चाळीस. प्रोग्रामने निमूट गुणाकार करून टाकला होता. बाकीच्या पेशंटचे तक्ते आडवे-उभे कसेही धरले तरी जवळपास सारखे, म्हणून त्यांचं निभावलं. या बाईंचं नाही. स्वरयंत्र झाकायचं, तेच उघडं पडलं होतं.

विभागप्रमुखांनी ऐकून घेतलं, दार लोटलं. “प्रोग्राम दुरुस्त कर. बाहेर ब्र काढू नकोस. आजारच तसा आहे, कोण विचारणार?”

प्रोग्राम त्याने तासाभरात दुरुस्त केला. तिसऱ्या दिवशी पत्ता काढून तो बाईंच्या घरी गेला.

दोन खोल्यांचं घर. बाई खिडकीशी उशीला टेकून बसल्या होत्या. नवरा वाटीतून चमच्याने पाणी पाजत होता, निम्मं हनुवटीवरून ओघळत होतं. मास्तरने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

“म्हणजे तपासलंच नव्हतंत?” नवऱ्याने विचारलं.

“तपासलं होतं. दुसऱ्या तक्त्यातल्या आकड्यांची बेरीज करून पाहिली होती. ती बरोबर येत होती. जागा बदलल्या तरी बेरीज तीच येते. हे माझ्या डोक्यातच आलं नाही.”

बाईंनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. नुसती हवा आली. मग त्यांनी हातानेच त्याला जा म्हणून खुणावलं.

चौकशी झाली. त्याने कागद पुढे ठेवले, जबाबावर सही केली. नोकरी त्याची गेली, विभागप्रमुखांची नाही. बाईंचा आजार आटोक्यात आला. स्टँडवर त्यांना सामानाच्या खोलीत पावत्या फाडायचं काम दिलं. त्यांच्या नवऱ्याने एकदा ताईंना विचारलं, ते मास्तर सध्या काय करतात म्हणून. ताईंना ठाऊक नव्हतं.