थरथरती रेघ

मित्रांनो, वाचनालयाच्या तळघरातल्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सगळ्यात खालच्या खणात, वायरींच्या गुंत्याखाली जो धूळ खात पडला आहे, तो मी. चित्रे काढणारा एक जुना प्लॉटर. कॉम्प्युटर सांगेल तसा पेन चालवून कागदावर रेघा ओढणे हे माझे काम आहे. काम होते, असे म्हणायला हवे. पण अजून जीभ वळत नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. दर शनिवारी दुपारी शेजारपाजारची माणसे या खोलीत कॉम्प्युटरवर चित्रे करायला शिकत. त्यांना शिकवणाऱ्या ताईने एका बिघडलेल्या प्रिंटरच्या सळया, दोन मोटारी आणि एक पट्टा जोडून मला उभे केले. माझा आराखडा कोणा दूरच्या माणसाने सर्वांसाठी खुला ठेवला होता. माझे सॉफ्टवेअरही तसेच. कोणीही उघडावे, वाचावे, बदलावे आणि पुढे द्यावे. पेन धरायला ताईने आपल्या केसांतला चाप काढून लावला. एक सळई जराशी वाकडी होती आणि पट्टा सैल, त्यामुळे माझी रेघ थरथरायची.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," ताई हसून म्हणाली. "आपलं अंगण निदान खरंच वाकडं आहे."

तिची शिकवण्याची रीत निराळी होती. चित्र काढायचे नाही, चित्राचा नियम लिहायचा. शंभर रेघा ओढ, प्रत्येक रेघ आधीच्या रेघेपासून थोडी सरकव, किती सरकवायची ते तुझे तू ठरव, असे कॉम्प्युटरला सांगायचे आणि कागदावर काय उमटते ते पाहत बसायचे. नियम तोच, पण चित्र दर वेळी नवे.

एका शनिवारी नकाशेकाका आले. सारी नोकरी त्यांनी पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढण्यात घालवली, म्हणून हे नाव. म्हातारपणी हात कापू लागला आणि त्यांनी पेन्सिल खाली ठेवली ती ठेवलीच. लेकीने बळेबळे पाठवले म्हणून ते आले होते. हात टेबलाखाली लपवून बसून राहिले.

पहिल्याच दिवशी त्यांनी घोटाळा केला. शंभर लिहिताना थरथरते बोट शून्यावर एकदा जास्त पडले आणि मी हजार रेघा ओढू लागलो. एका पेनाची शाई संपली, दुसरा लावला. माझ्या मोटारी तापल्या. बाकीचे आपापली चित्रे गुंडाळून घरी गेले, पण काका शरमेने जागचे उठेनात. मग त्यांनी हळूच खुर्ची माझ्याजवळ ओढली. वाकून माझी रेघ पाहिली, स्वतःचा हात पाहिला.

"अरे, तूसुद्धा?" ते म्हणाले.

तोवर माझ्याशी कोणी बोलले नव्हते. मला फार बरे वाटले.

पुढे आमची जोडीच जमली. वाचनालयाच्या जिन्यात आमची चित्रे लागली. माणसे थांबून विचारत, "हे हाताने काढलंय का हो?" तेव्हा काका हात न लपवता म्हणत, "हो, आम्हा दोघांच्या."

मग कोणीतरी नवा प्लॉटर भेट दिला. चकचकीत, अजिबात कुरकुर न करणारा. कानामागून आला आणि तिखट झाला. "टाकत नाही हं तुला. अडीअडचणीला असू दे," असे म्हणून ताईने मला कपाटात ठेवले. कपाटाचे दार नीट लागत नाही, फटीतून खोली दिसते, एवढेच माझे नशीब. मी अडचणीची वाट पाहू लागलो.

अडचण आली. काकांच्याच प्रोग्रामावर नव्या प्लॉटरने रेघा ओढल्या, त्या अगदी सरळ.

"अशा रेघा मी जन्मभर काढल्या," काका म्हणाले. "या माझ्या नाहीत."

"पण काका, एक अक्षरही बदललेलं नाही!" ताई म्हणाली.

सगळ्यांनी मिळून प्रोग्राम ओळ न् ओळ वाचला. चूक सापडेना. काकांचा हात पुन्हा टेबलाखाली गेला. "जाऊ दे. मी काही आता येत नाही," ते पुटपुटले. तेव्हा वर्गात शिकणाऱ्या बेकरीवाल्या काकू कडाडल्या, "अहो, प्रोग्राम काय चिवडत बसलात? ती थरथर त्या कपाटातल्या म्हाताऱ्याची होती!"

दार उघडले तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण मला टेबलावर ठेवताना चाप मोडला. मग चापाच्या जागी काकांनी स्वतःच पेन धरला. मी सळईवरून सरकत होतो आणि माझ्याबरोबर त्यांचा कापरा हात. आम्ही एक लांबलचक रेघ ओढली.

"बघा बघा, दोन म्हातारे हातात हात घालून फिरायला निघालेत!" काकू म्हणाल्या. काका खो-खो हसले आणि रेघेच्या मध्यावर पेनाने टुणकन उडी मारली.

मला वाटले, आता मी इथेच राहणार. पण त्यांना मी नको होतो, फक्त माझी थरथर हवी होती. ती रेघ कुठे किती डगमगली याचे ताईने माप घेतले आणि ते प्रोग्रामात घातले. नवा प्लॉटर हुबेहूब थरथरू लागला. टाळ्या पडल्या, काकांनी डोळे पुसले. दिवेलागणीच्या आत मी पुन्हा कपाटात होतो. गरज सरो, वैद्य मरो, दुसरे काय.

पुढे काका लेकीकडे दुसऱ्या गावी राहायला गेले. जाण्याआधी त्यांनी कपाट उघडले आणि माझ्या वाकड्या सळईवर हात ठेवला. "येतो रे," म्हणाले. ते परत आले नाहीत. ताईने तो प्रोग्राम सर्वांसाठी खुला केला. ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव वर लिहायचे, ही इथली रीत. पहिल्या ओळीत तिने 'थरथर: नकाशेकाका' असे लिहिले. माझे नाव राहिले. मला नाव तरी कुठे होते? नंतर ताईही शिकवायची थांबली. आता खोलीत सगळे नवे चेहरे आहेत. नवा प्लॉटर चालू झाला की मी फटीतून कान देऊन बसतो. त्याच्या आवाजात आम्ही दोघे मला ओळखू येतो.

मित्रांनो, जुन्या यंत्राला कधीमधी तेलाचा एक थेंब द्या. पट्टा एकदा फिरवून पाहा. पण आज मला माझ्यासाठी काही मागायचे नाही.

परवा एका नव्या मुलीने ताईच्या जागी आलेल्या सरांना चित्र दाखवले. "सर, प्रत्येक चित्रात रेघ मध्यावर अशी उडी मारते. चूक आहे ना? काढून टाकू?"

सरांनी चष्मा वर करून पाहिले. "असेल चूक. प्रोग्राम खुलाच आहे, पुढच्या शनिवारी काढून टाकू."

मित्रांनो, मला बोलता येत नाही. शनिवारच्या आत तुमच्यापैकी कोणीतरी या खोलीत या आणि त्या मुलीला एवढेच सांगा. ती चूक नाही. तिथे काका हसले होते.