मापाचं जू

अप्पांच्या तेराव्याला आलेले पाहुणे परतले आणि दोन दिवसांनी जयवंती पालघरच्या एसटी स्टँडवर खांद्यावर जू घेऊन उभी राहिली. वय बेचाळीस, शाळेत मराठी शिकवणारी बाई, सुती साडी, हातात पिशवी, आणि खांद्यावर बैलांच्या मानेवर ठेवतात ते सागवानी जू. ओळखीच्या लोकांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. घरात दुःख झालं की माणूस काय करील याचा नेम नसतो, तेव्हा विचारू नये, असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं असावं.

बोईसर गाडीच्या कंडक्टरने मात्र विचारलं.

“बाई, बैल कुठंयत?”

“बैल नाहीत. हे परत करायचंय.”

“शेतीचं सामान टपावर जातं, घरचं सामान आत. हे शेतीचं की घरचं?”

जयवंतीने जू एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. कंडक्टरने दोन मिनिटं वाट पाहिली, मग मागच्या सीटखाली बोट दाखवलं. “तिथं आडवं घाला. कुणी अडखळून पडलं तर तुमची जबाबदारी.”

जू तिच्या आजोबांचं, कमलाकांतांचं. खाडीकाठी वाडी आणि डोंगराकडे भाताची जमीन असलेला माणूस. त्या जमिनीवर वारली वेठीला राबत. १९४० साली ऐन नांगरणीत औताचा एक बैल मेला. नवा येईपर्यंत खोळंबा नको म्हणून आजोबांनी जिवल्या नावाच्या माणसाला बैलाच्या जोडीला जुंपलं. चार दिवस. त्यासाठी हे जू मुद्दाम करून घेतलं होतं. एका बाजूच्या खुंट्यांत बैलाची मान मावेल, दुसऱ्या बाजूच्या खुंट्यांत माणसाची.

दहा वर्षांनी आजोबा गेले, पुढे जमीन कुळांकडे गेली, जू मात्र अप्पांकडे राहिलं. कृष्णकांत अप्पांनी ते जाळलं नाही, विकलं नाही, त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. खंडेनवमीला कोयते, विळे, पहार असं सगळं खाली काढून पुसायचे, त्यात हेही असायचं. हळदकुंकू लावायचं काम जयवंतीचं. नऊ वर्षांची असताना तिने विचारलं होतं, एका बाजूच्या खुंट्या इतक्या जवळ का. अप्पा म्हणाले होते, “लहान बैलासाठी.” तिने लहान बैलाला जरा जास्त कुंकू लावलं होतं.

दवाखान्यात, जाण्याच्या आदल्या दिवशी, अप्पांनी चार वाक्यांत सगळं सांगितलं. मग म्हणाले, “जिवल्याच्या घरी परत करून ये.” मग पाणी मागितलं. जयवंतीने चमच्याने पाणी पाजलं, आणि विचारायचं राहिलं. हा आपला बाप कसा माणूस होता, एवढंच तिला हवं होतं. सत्तेचाळीस वर्षं असली वस्तू माळ्यावर ठेवून तिची पूजा करणारा माणूस चांगला म्हणायचा की नाही, हे सांगू शकणारं आपल्या घरात आता कुणी नव्हतं. असलंच तर जिवल्याच्या घरात असेल.

जिवल्याचा नातू सुका बोईसरच्या एका कारखान्यात कामाला आहे, एवढा पत्ता तिने मिळवला होता. गेटवरच्या वॉचमनने जू खालीवर पाहिलं.

“मॅडम, मटेरियल का चालान?”

“चालान नाही. हे कंपनीचं नाही. सुकाच्या घरचं आहे. म्हणजे आमच्या घरचं आहे.”

“दोनों का नहीं हो सकता. रजिस्टर में मालिक का एक ही कॉलम है।”

शेवटी त्याने ‘येणार’ आणि ‘जाणार’ या दोन्ही रकान्यांत ‘लकडा, एक’ असं लिहून दोनदा सही घेतली आणि जू गेटबाहेरच ठेवायला लावलं. तीन वाजता पाळी सुटली. तिशीतला सुका डबा हलवत बाहेर आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

“बाई, ह्यातलं मला काय कलत नाय. आईला विचारा. बा तिचा होता.”

तो जू उचलायला वाकला, तशी जयवंती घाईने पुढे झाली. “नको, तुम्ही नका उचलू.” मग तासभर पायवाटेने ती जू घेऊन पुढे आणि सुका रिकामा मागे, असे दोघं पाड्यावर गेले. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाने सुकाला विचारलं की बाईंना का राबवतोस.

सुकाची आई नवसी अंगणात वाल निवडत होती. साठीची, बारीक, पांढरे केस घट्ट बांधलेले. शेजारचा भिका तिथेच बिडी ओढत होता. जयवंतीने जू अंगणात ठेवलं आणि वाटेत घोकलेलं बोलायला सुरुवात केली. माझ्या आजोबांनी तुमच्या वडलांवर जो अन्याय केला, त्याबद्दल मी...

“थांब,” नवसी म्हणाली. “तू केलास?”

“नाही. आजोबांनी.”

“तो कुठाय?”

“वारले.”

“माजा बा पन मेला. त्या दोघांचं त्यांना बोलू दे. तू पानी पी.”

जयवंती पाणी प्यायली. “पण हे तुम्हाला परत करायचं आहे.”

“परत कसं? जू तुमचंच होतं,” नवसी शांतपणे म्हणाली. “आमची फकस्त मान होती. ती बा घेऊन आला घरी, चौथ्या दिशी.”

भिकाने जू पायाने उलटंपालटं केलं. “लाकूड बरं हाय. चुलीत घाल.”

“त्याचा धूर कोनाच्या घरात शिरल? माज्याच ना?”

“मग औताला घे.”

“कुटला बैल मावल ह्याच्यात? अर्धं बैलाचं, अर्धं मानसाचं. तूच ये जुंपायला.”

भिका हसला. नवसी हसली नाही. तिने बोटाने जवळजवळच्या दोन खुंट्या चाचपल्या.

“सुतार आलेला मापाला. मी बारकी, बाच्या मांडीवर. सुतारानं बाच्या मानेला सुतळी गुंडाळली. चांगला मानूस होता. म्हनला, घट्ट नाय ना होत? बा म्हनला, नाय, बरा हाय.”

जयवंतीला वाटलं, आता काहीतरी केलं पाहिजे, आणि जे सुचलं ते तिने केलं. चपला काढल्या, पदर खोचला, आणि खाली बसून मान माणसाच्या बाजूच्या खुंट्यांमध्ये घातली. जू तिच्या मानेभोवती ढिलं लटकलं. दोन्ही बाजूंनी बोटं जातील एवढी फट राहिली.

“सैल हाय,” भिका म्हणाला.

“तिच्या मापाचं नाय ते,” नवसी म्हणाली. “ऊठ बाय. पदराला माती लागल.”

“मी बगतो,” म्हणत सुका हसत हसत बसला. जयवंतीने नको म्हणेपर्यंत त्याने मान आत घातली होती. दोन्ही खुंट्या त्याच्या मानेला नेमक्या टेकल्या. बोटभर जागा उरली नाही. सुताराने जणू काल माप घेतलं होतं.

सुकाचं हसू हळूहळू गेलं.

“काढ,” नवसी म्हणाली. मग मोठ्याने, “काढ ते.”

सुकाने मान काढून घेतली आणि विनाकारण विहिरीकडे चालता झाला. नवसी पुन्हा वाल निवडायला लागली. वर न बघता तिने विचारलं, “तुजा बा काय करायचा ह्याचं?”

जयवंतीने खंडेनवमीचं सांगितलं. लहान बैलाचंही सांगितलं. नवसीचा हात थांबला.

“म्हंजी माज्या बाच्या मानेला कुंकू लावायचीस तू?”

“हो.”

“दर साली?”

“हो.”

नवसी हसायला लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भिकाही हसला.

“आन तुजा बा बगत बसायचा.”

“हो.”

“बोलायचा काय?”

“नाही,” जयवंती म्हणाली. आणि जे विचारायला ती इतक्या लांब आली होती, त्याचं उत्तर तिला स्वतःच्याच तोंडून ऐकू आलं. “चांगले होते ते. पण बोलले नाहीत कधी.”

नवसीने मान हलवली, जणू काही तिला हे आधीच माहीत होतं. मग सुपातले वाल एका बाजूला सारून म्हणाली, “घेऊन जा हे. माळ्यावर ठेवू नको. दारात ठेव, जिथं येनाऱ्याचा पाय लागल. कोन विचारल, हे काय, तर सांग. सुताराचं पन सांग. लहान बैल नको सांगू.”

“प्रत्येकाला?”

“विचारल त्याला.”

तिने मूठभर वाल जयवंतीच्या पिशवीत टाकले. परतताना सुका रस्त्यापर्यंत सोबत आला. त्याने जू उचलायची गोष्ट काढली नाही, आणि तिनेही नाही.

संध्याकाळच्या पालघर गाडीला तोच कंडक्टर होता. जू बघून त्याने कपाळाला हात लावला.

“घेतलं नाही?”

“नाही.”

“मग आता शेतीचं की घरचं?”

“घरचं,” जयवंती म्हणाली. तिने ते सीटखाली ढकललं नाही. मधल्या वाटेत, पायाशी ठेवलं. कंडक्टर अडखळला, वाकून त्याने दोन्ही बाजू पाहिल्या, आणि म्हणाला, “ही बाजू अशी लहान का हो?”

“बसा,” जयवंती म्हणाली, आणि सुतळीपासून सांगायला लागली. पालघर येईपर्यंत गाडीत कुणाचंही तिकीट फाडलं गेलं नाही.