तोंडावरचा डबा

मी बोलतोय, पण गोड बोलेन अशी आशा धरू नका. अकरा वर्षं एकाच जागी गंजत बसलेला मी एक छोटा ट्रॅक्टर आहे. माझ्या तोंडून निघाला तर गंजच निघेल.

मी एका सिलिंडरचा. मोठे ट्रॅक्टर मला बघून हसायचे. पण रोपांच्या दोन रांगांमधून एकही फांदी न मोडता जाऊन दाखवा म्हणावं. कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. जन्माच्या वेळचं कुणाला आठवतं? आठवतं ते पहिलं हॅण्डल. कुणीतरी ते गरकन फिरवलं, छातीत काहीतरी पेटलं आणि मी धडधडायला लागलो.

मला एका रोपवाटिकेच्या मालकाने घेतलं. माणूस वाईट नाही, असं लोक म्हणतात. लोकांना त्याच्या शेडमध्ये राहावं लागलं नाही. त्याने मला वर्षानुवर्षं राबवलं आणि एकदाही पुसलं नाही. स्वतःला शिंक आली तरी डॉक्टरकडे धावायचा, आणि मी काळा धूर ओकत असलो तरी म्हणायचा, "चालतंय ना? मग चालू दे."

मला बरं करायला एक मिस्त्री यायचा. बुटका, अबोल. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला लावायचा, मूठ स्वतःच्या कानाला लावायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. माझं कुणी ऐकलं असेल तर त्यानेच.

माझा धुराचा पाइप सरळ वर, आभाळाकडे तोंड करून आहे. त्या तोंडावर मिस्त्रीने एक डबा पालथा घातला होता, कधीकाळी दुधाच्या पावडरीचा. पाणी, पानं, पाखरं आत जाऊ नयेत म्हणून. मला चालू करताना तो काढायचा आणि बंद केलं की परत घालायचा. माणसांकडे माझं एवढंच मागणं होतं. फार होतं का?

अकरा वर्षांपूर्वी माझा धूर फारच वाढला. मिस्त्रीने इंजिन खोललं, पिस्टनला नव्या रिंगा घातल्या, सगळं परत जुळवलं आणि हॅण्डल मारलं. पहिल्याच फेरीत मी पेटलो. तो पंधरा मिनिटं कान लावून ऐकत राहिला. "काय गातोय बघा," असं मालकाला म्हणाला. इतका खूश मी त्याला कधीच पाहिला नव्हता. मला बंद करून, अवजारं पिशवीत कोंबून तो शीळ घालतच गेला.

मग पावसाचे तीन महिने मला कुणी हात लावला नाही. एका सकाळी मालकाने हॅण्डल घातलं. ते हललं नाही. तो त्यावर लोंबकळला, तरी हललं नाही. त्याने टायरवर लाथ घातली. पिस्टन सिलिंडरला आतून चिकटून बसला होता. इंजिन जाम.

दुसऱ्या कुणाला दाखवायचं सोडून मालकाने निकालच देऊन टाकला. स्पेअर पार्टच्या दुकानात, चार माणसांसमोर, तो मिस्त्रीला म्हणाला, "नव्या रिंगांचे पैसे घेतलेस आणि जुन्याच पुसून घातल्यास. चोर आहेस तू."

"खोलून बघा," मिस्त्री म्हणाला.

"तुला परत हात लावू देऊ? वेडा समजलास का मला?"

त्या चार माणसांनी आपलं काम चोख केलं. महिन्याभरात मिस्त्रीकडे येणारी कामं आटली. पुढे तो एका पंपाच्या कारखान्यात लागला. पंप बनवायला नव्हे, खोक्यात भरायला.

आणि मी शेडमध्ये. माझ्या सीटवर कोंबड्या बसल्या, बॉनेटवर खताची पोती बसली. मालक येता-जाता माझ्याकडे असा बघायचा की जणू मीच त्याला फसवलंय. मीही त्याच्याकडे तसाच बघायचो. माझे दिवे फुटलेले होते, त्यामुळे त्याला ते कळत नसे.

मग शेड पाडून गोदाम बांधायचं ठरलं आणि मी विकायला निघालो. गिऱ्हाइकं आली. प्रत्येक जण आधी टायरला लाथ मारतो. का मारतात कोण जाणे. टायर काय उत्तर देतो? एक जण माझ्यावर बसून फोटो काढून गेला. एक जण बायकोला म्हणाला, "अंगणात ठेवू, वर कुंड्या मांडू." मनातल्या मनात मी त्याच्या दोन्ही पायांवरून चाक नेलं.

त्यानंतर मिस्त्री आला. केस पांढरे, बरोबर मुलगी. ती टेम्पो चालवते, आणि चेहऱ्यावरून दिसतं की तिला कुठेही वेळ घालवायला आवडत नाही.

"बाबा, आधीच सांगते. बघायचं आणि निघायचं."

"बघतोच आहे."

"तुम्ही बघत नाही, भांडताय. अकरा वर्षं याच्याशी भांडताय. हे लोखंड घरी आणलंत तर तेच भांडण अंगणात येऊन बसेल."

"मला रिंगा बघायच्यात."

"मग इथेच खोला."

"पिस्टन बाहेर आल्याशिवाय रिंगा दिसत नाहीत. हा जाम झालाय, काढायला महिना लागेल. घेतल्याशिवाय व्हायचं नाही."

"आणि जुन्या निघाल्या तर?"

मिस्त्रीने तिच्याकडे वळून पाहिलं. "तूसुद्धा?"

तिने नजर वळवली. मला वाटलं, बरं झालं. याला घरातच ऐकायला मिळालं.

मालक दारात येऊन उभा राहिला. "उद्या भंगारवाला येतोय. घ्यायचा तर आज घे. चालत नाही, हे वेगळं सांगायला नको. तुझंच काम आहे ते."

मिस्त्री माझ्या पाइपात बोट घालत होता. बोट लाल होऊन बाहेर आलं. "पाणी गेलंय आत. याच्या तोंडावरचा डबा कुठाय?"

"पडला असेल कुठेतरी."

"मग दुसरा घातला नाहीत?"

"शेडमध्ये का पाऊस येतो?"

मिस्त्रीने वर पाहिलं. पाइपाच्या नेमकं वर, पत्र्याला भोक होतं. त्यातून आभाळाचा तुकडा दिसत होता. आल्यापासून पहिल्यांदा त्याची मान ताठ झाली. मालकाने पत्र्याकडे बघितलं, काहीतरी पुटपुटला आणि फोन आल्यासारखं करून बाहेर सटकला.

"बघितलंस?" मिस्त्री मुलीला म्हणाला. "भोक त्याच्या छपराला आणि चोर मी."

मुलगी निघायच्या घाईने दाराशी गेली होती. तिथे टेकताना तिचा हात दारामागच्या उंच कट्ट्यावर गेला होता. तिथून तिने एक डबा खाली काढला, आतून धुराने काळा झालेला. डब्याच्या खाली एक पाना होता आणि पान्याच्या दांड्याला लाल दोरा गुंडाळलेला होता.

"बाबा, हा दोरा मी गुंडाळला होता. शाळेत असताना."

मिस्त्रीने पाना हातात घेतला. हा पाना त्याने वर्षभर शोधला होता. रिंगा घातल्या त्या दिवशी, मला चालू करताना, डबा आणि पाना त्यानेच तिथे ठेवले होते. मग मी गायला लागलो, तो खूश झाला आणि शीळ घालत निघून गेला.

मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला विचारलं कुणी?

"चला बाबा," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "कळलं ना आता? चला घरी."

तो दाराकडे न जाता माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. मग त्याने डबा माझ्या तोंडावर पालथा घातला. अकरा वर्षं उशिरा. "घेतो," तो म्हणाला.

म्हणजे ज्याच्या विसरण्याने मी मेलो, त्यानेच मला घेतलं, आणि ज्याच्या आळसाने मेलो, त्यानेच मला विकलं. माझं मत घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

त्याच्या अंगणात त्याने माझ्या सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतून ठेवलं. रोज कारखान्यातून आला की पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून ठोकायचा. मी मुद्दाम धरून बसलो. सोपं का करू? शेवटी सव्विसाव्या दिवशी माझाच धीर सुटला आणि पिस्टन बाहेर आला. रिंगा गंजल्या होत्या, पण नव्या होत्या. कंपनीची खूणसुद्धा पुसली गेली नव्हती.

मुलीने त्या रिंगा नीट निरखून पाहिल्या. "त्या दिवशी मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. मग म्हणाली, "मालकाला बोलावते. रिंगा दाखवा. डब्याचं मात्र काढू नका."

मालक आला. फडक्यावर मांडलेल्या रिंगा त्याने उलटसुलट करून बघितल्या. "बरं, नव्या आहेत. मग जाम कशाने झाला?"

मुलगी खोकली. मिस्त्रीने फडक्यावर डबा ठेवला, शेजारी पाना ठेवला. "पाण्याने. डबा मी काढला होता. घालायला विसरलो."

मालक हसला. "म्हणजे तूच मारलास. मी वेगळं काय म्हणत होतो?"

"चोर म्हणाला होतात. विसराळू म्हटलं असतंत तर मी मान खाली घातली असती. ते खरंच आहे. पण चोर मी नाही. त्या दुकानात जाऊन सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मी सांगेन. रिंगांचंही सांगेन, डब्याचंही. तुमच्या पत्र्याच्या भोकाचंही."

मालक चहा न घेताच गेला. त्याने दुकानात सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मिस्त्रीने सांगितलं. रिंगांचं ऐकून दुकानदार म्हणे हिशेबाची वही चाळायला लागला आणि डब्याचं ऐकून हसला. मिस्त्री तेवढं ऐकून घरी आला आणि माझे नट आवळायला लागला.

मी कुणालाही माफ केलेलं नाही. पण तुम्ही कधी जुना, बंद पडलेला ट्रॅक्टर घ्यायला गेलात, तर टायरला लाथ मारू नका. आधी त्याचं तोंड बघा. झाकलेलं आहे की उघडं, तेवढं बघा. कोणत्या माणसांच्या हाती तो होता, ते तिथेच कळेल.

आज मी पुन्हा जुळलोय. नवा सिलिंडर, नवा पिस्टन. मुलगी टेम्पो बाजूला लावून आली आहे. मिस्त्रीने माझ्या तोंडावरचा डबा काढला आणि तिच्याकडे दिला.

"हातातच धर," तो म्हणाला. "कुठे ठेवू नकोस."

ती दोन्ही हातांनी डबा धरून उभी आहे. त्याने हॅण्डल घातलंय आणि माझ्याकडे बघतोय. पेटायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही. मला घ्यायचं की नाही यावर त्या दोघांनी पुष्कळ वेळ घेतला होता. थोडा मीही घेईन.