पातेल्यातला बूट

आमची गाडी सरळ रस्त्यावर गप्प असायची. वळताना मात्र पुढच्या डाव्या चाकातून कटकट, कटकट. कुंदन मेकॅनिकने खाली वाकून पाहिलं आणि सांगितलं, "नाना, एक्सलचा बूट फाटलाय." बूट म्हणजे चाकाकडच्या सांध्यावर बसवलेली रबराची चुण्याचुण्यांची टोपी. ती फाटली की आतलं ग्रीस बाहेर येतं आणि बाहेरची धूळ आत जाते.

"बाहेरगावी जायचं का कुठे?"

"आत्ताच. धुळ्याला."

"मग असंच न्या. धुळं काय, नाशिकपर्यंत काही होत नाही. आल्यावर बदलू."

धुळ्याहून सकाळीच यादवभाऊंचा फोन आला होता. यादवभाऊ माझे साडू. माझी बायको कला आणि त्यांची झुंबरअक्का या सख्ख्या बहिणी. अक्काला डॉक्टरांनी 'घरी न्या' म्हणून सांगितलं होतं. याचा अर्थ सगळ्यांना कळतो, फक्त कोणी बोलत नाही. "कलाला आज पोचवा," यादवभाऊ म्हणाले. "सारखी दाराकडे बघते."

जळगावहून धुळ्याला अर्ध्या तासाला एसटी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी विचारायला नको.

पण सात वर्षांपूर्वी ही जुनी गाडी घेऊन मी पहिल्यांदा धुळ्याला गेलो, तेव्हा यादवभाऊंनी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "हाई स्वतः उनी, का तुम्ही लोटत आनी?" ढकलत आणली का, असं. बठ्ठी गल्ली हसली, लहानमोठे सगळे. एकटी अक्का हसली नाही. त्या गल्लीत शिरायला दोन वळणं आहेत. दोन्ही वळणांवर गाडी कटकटणार आणि यादवभाऊ ओट्यावर बसलेले असणार. मी कुंदनकडून नवा बूट विकत घेतला आणि घरी आलो.

"दीड तासाचं काम आहे," मी कलाला सांगितलं. व्हिडिओत वीस मिनिटांचं होतं. उरलेला वेळ मी माझ्या वयासाठी धरला होता.

कला पिशवी भरून व्हरांड्यात बसली. पिशवीत कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी होत्या. अक्का पाणीसुद्धा चमच्याने पीत होती, पण बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं कसं?

नऊला जॅक लावला. मधला नट निघेपर्यंत साडेदहा झाले. एक्सल ओढला, तेव्हा गिअरबॉक्समधलं तेल अंगणभर पसरलं. तेल सांडतं हे व्हिडिओवाल्याने सांगितलं होतं, पण ते त्याच्या दुसऱ्या व्हिडिओत.

साडेअकराला धुळ्याहून पुन्हा फोन. अक्काच्या कानाला कोणीतरी मोबाइल लावला होता. निघतोच आहोत, यांचे बूट फाटलेत, तेवढे बदलले की झालं, असं कलाने सांगितलं. तिने स्पीकर लावला होता; पलीकडे बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग अक्काचा आवाज आला.

"पाव्हनास्ले सांग, चपला घालीसन या."

पाव्हना म्हणजे मी. कला हसली. मीही हसलो. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "मी एसटीने पुढे होऊ का?"

"आता फक्त जोडायचं राहिलंय. उगाच कशाला धक्के खातेस?"

नवा बूट कडक होता. नरम पडावा म्हणून मी तो स्वयंपाकघरात गरम पाण्याच्या पातेल्यात टाकला होता. तोवर सुटा केलेला सांधा पुसला, ग्रीस भरलं आणि हातोडीने एक्सलच्या दांड्यावर ठोकून बसवला. आतली कडी खट्कन लागली. यादवभाऊंना ऐकवावा असा आवाज होता.

कला बाहेर आली. खांद्याला पिशवी, हातात पातेलं.

"हे तुमचं राहिलं का हो?"

बूट आधी दांड्यात ओवायचा, मग सांधा ठोकायचा. नाडी आधी ओवतात आणि गाठ नंतर मारतात, तसंच. आता सगळं परत उपसायला हवं होतं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"अर्धा तास."

तिने पातेलं पायरीवर ठेवलं, चपला घातल्या आणि फाटकाबाहेर जाऊन रिक्षाला हात केला.

अडीचला तिचा फोन आला. पारोळ्याच्या स्टँडवरून. "अक्का गेली," ती म्हणाली. "तुम्ही या सावकाश." मी बुटावरची शेवटची पट्टी आवळत होतो. ती आवळून टाकली. नऊची एसटी साडेअकराला पोचते. साडेअकराला अक्का चपलांबद्दल बोलत होती.

गाडी दोन्ही वळणांवर गप्प राहिली. यादवभाऊ ओट्यावरच होते. उठून आले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, "आवाज नही येत आते. चांगली ठेवी शे, नाना."

गाडी चांगली ठेवलीय, सात वर्षं मला हेच ऐकायचं होतं.

आत कला अक्काच्या उशाशी बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. "ग्रीस आहे," ती म्हणाली. "तिला शिवू नका."

पाचव्या दिवशी अक्काचा जलदानविधी झाला आणि आम्ही निघालो. मी गाडीचं दार उघडून धरलं. कलाने पिशवी खांद्याला लावली आणि स्टँडच्या दिशेने चालू लागली.

"अगं, गाडी आहे ना," मी म्हणालो.

"असू द्या," ती म्हणाली. "एसटी अर्ध्या तासाला आहे."