उपाशीपोटी

माझ्या बायकोला, सोनुबाईला क्षय झाला. डॉक्टरांनी तिला बजावलं, "कॅप्सूल उपाशीपोटी घ्या. खंड पडला तर जिवावर बेतेल."

आमचा मुलगा सदू मुंबईहून गजराचं डिजिटल मनगटी घड्याळ घेऊन आला. रोज सकाळी सहाला ते ओरडायचं, सोनुबाई बटण दाबायची आणि मी निर्धास्त गोठ्यात जायचो.

महिना झाला तरी खोकला हटेना. मी औषधाची डबी उघडली, तर ती जवळजवळ भरलेलीच.

"अगं, तू घेत नायस?"

"घेते की. सोमवारी नि चतुर्थीला."

"नि बाकीचे दिवस?"

"बाकीच्या दिवशी माझा उपास कुठं असतो? उपाशीपोटी घ्या, असं डाक्तरच म्हनले."

"मंग घड्याळ रोज कशाला वरडतं?"

"त्या बिचाऱ्याला काय ठावं, सोमवार कंचा!"

मला हसू आलं. म्हटलं, "अगं येडे, उपाशीपोटी म्हंजी च्या-भाकरीच्या आधी. रोज!"

त्याच दिवशी आम्ही कर्जतला दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, औषध पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल, वर्षभर. ही कंटाळेल, असं मला वाटलं.

"वरीस तर वरीस," ती म्हणाली. "मला मरायचं नाय."

घड्याळ तिनं स्वतःच्या मनगटावर, बांगड्यांच्या वर बांधलं. दुसऱ्या दिवशी पहाटे शेजारची सुंदरा चहा घेऊन आली, तर सोनुबाईनं तिला दारातच अडवलं.

"हे अजून वरडलं नाय. तू तासाभरानं ये गं."