पहिल्या ओळीवरची व्हर्ना

मार्लिसने डाव्या हाताने नाव लिहिलं, पेन दोरीसकट टेबलावर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकून कागदाकडे पाहिलं. ‘व्हर्ना ओस्लंड’. अक्षर जरा थरथरतं, जरा उजवीकडे कललेलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईचं वाटावं असं. मग तिने वाचनालयाचं दार लोकांसाठी उघडलं, बाकीचे दिवे लावले आणि काउंटरमागे जाऊन अगदी भाबड्या चेहऱ्याने परत आलेली पुस्तकं लावायला घेतली.

दहा मिनिटांत लव्हॉन ब्राटन आली. बुटांवरचा बर्फ झटकत ती टेबलापाशी थांबली आणि चष्मा वर-खाली करत कागद वाचू लागली. पुढच्या गुरुवारी संध्याकाळी जुन्या स्वेटरांचे हातमोजे शिवायला शिकवणार होते.

“व्हर्नाने नाव घातलं वाटतं,” ती म्हणाली.

“घातलं का?” मार्लिसने मान वर केली नाही.

“मग माझंही राहू दे. जमलं तर येईन.”

लव्हॉनने दुसरी ओळ मोकळी सोडली आणि तिसऱ्या ओळीवर आपलं नाव लिहिलं. दुसरी ओळ ऑरिन स्लेटनची, हे आता सगळ्यांनाच ठाऊक झालं होतं.

मिनेसोटातल्या या टोर्विक गावात चोरी होत नाही, भांडणं फारशी होत नाहीत, पण कोऱ्या कागदावर पहिलं नाव लिहायला कुणी धजावेल तर शपथ. पहिलं नाव घालणं म्हणजे पुढेपुढे करणं. ताटातली शेवटची लेमन बार, ती लिंबाची गोड वडी, जशी कुणी उचलत नाही, तिची अर्धी, मग पाव, मग चिमूटभर करत ती तशीच सुकून जाते, तसंच हे. ऑक्टोबरात मार्लिसने मोठ्यांसाठी गुरुवारचे कार्यक्रम सुरू केले तेव्हा कागद अकरा दिवस कोरा होता. माणसं येत, पेन उचलत, वाचत, “छान आहे हो” म्हणत आणि “पाच-सहा नावं झाली की बघू” म्हणून पेन खाली ठेवत. सगळ्यांना यायचं होतं. मांजराच्या गळ्यात घंटा तेवढी कुणी बांधायची, हा प्रश्न होता.

बाराव्या दिवशी मार्लिसने आयुष्यातलं पहिलं खोटं लिहिलं. अठ्ठावन्न वर्षांची बाई, चर्चच्या गायकवृंदात तीस वर्षं गायलेली. हात कापत होता, त्यामुळे अक्षर आपोआपच म्हातारं आलं. दोन दिवसांत कागद भरला.

तिला हे कार्यक्रम हवे होते आणि का हवे होते हेही ती कुणापासून लपवत नसे. जानेवारीत पाचाच्या आत अंधार पडतो. मागच्या हिवाळ्यात ऑरिनची बायको गेली, आणि त्यानंतर वाचनालयात आला की तो हवामानाचं पान वाचून निघून जाई; महिनाभर त्याने कुणाशी एक शब्द बोलल्याचं मार्लिसने ऐकलं नव्हतं. बोलत तो आताही नव्हता. पण दर गुरुवारी मागच्या रांगेत येऊन बसत होता. मृत्युपत्र कसं करावं ते ऐकलं, हिवाळ्यातले पक्षी कसे ओळखावेत ते ऐकलं, आणि मागच्या आठवड्यात पाव मळताना कोपरापर्यंत पीठ माखून घेतलं.

अडचण एवढीच झाली की व्हर्ना हळूहळू मोठी होत गेली. टोर्विकात एखाद्या माणसाला आपण ओळखत नाही असं म्हणणं उद्धटपणाचं.

“ही व्हर्ना म्हणजे तळ्यापलीकडच्या ओस्लंडांपैकी ना?” लव्हॉनने नोव्हेंबरात विचारलं होतं.

“तिकडचीच कुठली तरी,” मार्लिस पुटपुटली होती.

“वाटलंच मला. आली नाही का आज?”

“कंबर दुखतेय म्हणे तिची.”

झालं. बुडत्याचा पाय खोलात. पुढच्या आठवड्यात लव्हॉन व्हर्नासाठी बटाट्यांची ओव्हनमध्ये भाजलेली हॉटडिश घेऊन आली. भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर तिचं स्वतःचं नाव होतं, म्हणजे भांडं परत करणं आलं. मार्लिस आणि तिचा नवरा डेल तीन दिवस ती हॉटडिश खात होते. “चव चांगली आहे,” डेल तिसऱ्या दिवशी म्हणाला, “पण पापाची वाटते.” मग मार्लिसने भांडं घासलं, डाव्या हाताने आभाराची चिठ्ठी लिहिली आणि दोन्ही लव्हॉनला पोचवलं.

हे सगळं असंच निभावलं असतं, पण वाचनालयाचे प्रमुख कर्टिस पेल्हॅम पडले शिकागोचे. वय चौतीस, येऊन आठ महिने झालेले, उत्साह उतू जाणारा. हातमोज्यांचा कागद भरला, त्यानंतरच्या सोमवारी दुपारी ते हातात सहाही कार्यक्रमांचे कागद नाचवत आले.

“मार्लिस, काउंटीचं मंडळ गुरुवारी इथेच सभा घेतंय. वसंत ऋतूपर्यंत गुरुवारची संध्याकाळ चालू ठेवायची का बंद करायची, ते ठरणार. किमान पंचवीस माणसं पाहिजेत असा नियम आहे. आपल्याकडे प्रत्येक कागदावर सव्वीस, सत्तावीस!”

“हो, बरं चाललंय.”

“बरं? अहो, या व्हर्नाबाई बघा. सहापैकी सहा! आणि प्रत्येक वेळी पहिलं नाव! मी त्यांचा सत्कार करणार आहे मंडळासमोर. फोन नंबर द्या त्यांचा.”

मार्लिसच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. “फोन नाही तिच्याकडे.”

“फोन नाही?” कर्टिसच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. “फोन नाही, आणि तरी एकही कार्यक्रम सोडत नाहीत!”

“येत नाही ती. कंबर...”

“कंबर दुखत असूनसुद्धा नाव नोंदवतात! मार्लिस, हीच तर आपली गोष्ट आहे. तुम्ही निरोप पोचवा.”

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण कर्टिस इतके आनंदात होते, आणि आनंदात असलेल्या माणसाचा विरस करायचा नाही हे मार्लिसला आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं. “बघते,” ती म्हणाली. तीन रात्री तिला झोप लागली नाही.

गुरुवारी चार वाजता सभा भरली. कॉफी आणि चार ताटं लेमन बार ठेवल्या होत्या म्हणून म्हणा, नाहीतर कुणी सांगावं, गाव जमलं होतं. खिडकीजवळच्या टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष रोलंड हॉग्डाल बसले होते, शेजारी टिपणं घेणारी जनीन. ऑरिन मागच्या रांगेत, टोपी मांडीवर.

कर्टिस बोलायला उभे राहिले. कागद दाखवून झाले, आकडे वाचून झाले, आणि मग आवाज चढवून ते म्हणाले, “आणि आता मी विनंती करतो, व्हर्ना ओस्लंड यांनी पुढे यावं!”

कुणी हललं नाही. मार्लिस जमिनीकडे बघत बसली.

“तिची कंबर हो,” लव्हॉन म्हणाली. “थंडीत जास्तच धरते.”

“रस्ता साफ झाला नसेल त्यांच्याकडचा,” दुसरं कुणी म्हणालं.

“परवा दिसली होती मला,” हार्डवेअरचं दुकान चालवणारा व्हर्लिन म्हणाला. “तशी बरी वाटली. जरा वाळलीय.”

मार्लिस उभी राहिली.  तिचा आवाज गरजेपेक्षा मोठा निघाला.

“व्हर्ना ओस्लंड नावाचं कुणी नाही. ते नाव मी लिहिते. डाव्या हाताने. पहिलं नाव कुणी घालेना, म्हणून मी... सहाही वेळा मीच. मला माफ करा.”

कर्टिसचं तोंड उघडंच राहिलं. बाकीचे मात्र गळ्याखालचा मफलर, खिडकीबाहेरचा बर्फ, हातातली कॉफी, असं काहीबाही बघत होते. शेवटी लव्हॉनने सुस्कारा सोडला.

“बस गं, मार्लिस. माहीत आहे आम्हाला.”

“माहीत आहे? कधीपासून?”

“नोव्हेंबर.”

“मी तर ऑक्टोबरपासून,” व्हर्लिन म्हणाला.

“मग ती हॉटडिश?”

“आता बघ,” लव्हॉन समजुतीच्या सुरात म्हणाली, “तिची कंबर दुखतेय म्हटल्यावर मी काहीच आणलं नसतं, तर तुला कळलं नसतं का, की आम्हाला कळलंय म्हणून? वाईट वाटलं असतं तुला.”

मार्लिस मटकन खाली बसली. लाजेने तिचे कान तापले होते, आणि त्याच वेळी या माणसांबद्दल तिला इतकी माया वाटली की तिला त्यांचा राग आला.

रोलंडनी घसा साफ केला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांचंही बालपण इथलंच, आणि हे सगळं लवकर संपावं असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. “आता असं आहे,” ते म्हणाले, “कागदावर खोटं नाव निघालं, त्यामुळे हे कागद मला धरता येत नाहीत. पण माणसं इथे आहेतच. वसंत ऋतूपर्यंत दर गुरुवारी जे येणार असतील त्यांनी हात वर करा. जनीन मोजेल. पंचवीस झाले तर चालू, नाही झाले तर बंद.”

जनीनने पेन सरसावलं.

एकही हात वर झाला नाही.

कर्टिसना काही समजेना. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत होते. मार्लिसला मात्र सगळं समजत होतं, आणि तेच वाईट होतं. लव्हॉन डोळ्यांच्या कोपऱ्यातून व्हर्लिनच्या कोपराकडे बघत होती. व्हर्लिन आपल्या पुढच्याच्या खांद्याकडे बघत होता. प्रत्येकाचा हात मांडीवरून दोन बोटं उचलला गेला होता आणि तिथेच थांबला होता. कुणीतरी करा, मार्लिस मनात ओरडत होती. कुणीतरी एकाने करा रे, नाहीतर जानेवारीभर घरात भिंतीशी बोलत बसाल. ती स्वतः हात वर करू शकत नव्हती. ती पगारी माणूस.

“बरं तर,” रोलंड अगदी नाइलाजाने म्हणाले. “जनीन, लिहा, शून्...”

मागच्या रांगेत खुर्ची करकरली. ऑरिन स्लेटनने उजवा हात वर केला होता. पुरता वर, शाळेत करतात तसा. सगळं सभागृह मागे वळलं. आपण एवढ्या जणांना दिसतो आहोत हे कळून ऑरिनचं नाक आणि कपाळ लालबुंद झालं.

“ऑरिन,” रोलंड म्हणाले, “तुमचा एक धरतो.”

“माझा नाही,” ऑरिन म्हणाला. आवाज बरेच दिवस न वापरलेला, घोगरा. “व्हर्नाचा आहे. ती येऊ शकली नाही.”

 मग लव्हॉनचा हात वर गेला. “व्हर्नाच म्हणतेय तर माझाही राहू दे,” ती म्हणाली. व्हर्लिनचा गेला. मग खुर्च्यांच्या रांगांमधून हात असे वर आले की मोजता मोजता जनीनला उभं राहावं लागलं.

“आणि तुमचा स्वतःचा, ऑरिन?” रोलंडनी विचारलं.

ऑरिनने विचार केला. मग टोपी खाली पडू देऊन त्याने डावाही हात वर केला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो दणकट म्हातारा दरोड्यात सापडल्यासारखा दोन्ही हात वर करून बसला, आणि मार्लिसला हसू की रडू ते समजेना. तिने दोन्ही केलं.

जनीनने एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं. मग अध्यक्षांच्या कानाशी वाकली, पण सभागृह इतकं शांत होतं की तिची कुजबुज शेवटच्या रांगेपर्यंत पोचली.

“चोवीस आहेत. व्हर्ना धरली तर पंचवीस. धरायची का?”

कर्टिसनी डोळे मिटून घेतले. रोलंड हॉग्डालनी कॉफीचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“काउंटीतच राहते ना ती?” त्यांनी कुणाकडेही न बघता विचारलं.

“तळ्यापलीकडे,” मागून ऑरिन म्हणाला. त्याचे हात अजून वरच होते. “एकटी असते.”

रोलंडनी मान हलवली.

“मग धरा,” ते म्हणाले.