यादीतली दुसरी ओळ

दुपारी सव्वादोनला धाकटीने मशीन चालू केलं. बीप वाजली. तिने खाली जायचं बटण एकदा दाबलं, मग एन्टर. त्यानंतर काहीच ऐकू आलं नाही.

या कचेरीत बैठकांची ध्वनिमुद्रणं ऐकून टाइप करून दिली जातात. दोन सख्ख्या बहिणी इथे कामाला आहेत. थोरली फोनवर बसते. धाकटी टाइप करते. तिला दिसत नाही, म्हणून तिच्या मशीनमध्ये पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम होता. गेल्या आठवड्यात सगळ्या संगणकांवर नवी प्रणाली आली आणि तो गेला. नव्या प्रणालीत बाहेरचं काही टाकायचं नाही, पेन ड्राइव्ह लावायचा नाही, असा नियम आला. व्यवस्थापकांनी धाकटीला थोरलीशेजारची, फोनवरची खुर्ची देऊ केली.

"मी टाइपिस्ट आहे," ती म्हणाली.

तिने दुसरी वाट काढली. न बसवता थेट चालणारी बोलकी प्रणाली एका फाइलमध्ये मावते. ती फाइल डिस्कच्या रिकाम्या भागात ठेवायची आणि मशीन सुरू होताना कोणती प्रणाली उठवायची ते विचारणाऱ्या बूटलोडरच्या यादीत तिच्यासाठी दुसरी ओळ वाढवायची. नव्या प्रणालीला धक्काही लागत नाही. व्यवस्थापकांनी आजचा दिवस दिला. संध्याकाळपर्यंत मशीन बोललं नाही, तर उद्यापासून फोन. धाकटीने त्या ओळीचा मजकूर घरून लिहून आणला, कचेरीच्या तंत्रज्ञाने तो आणि फाइल सकाळी डिस्कवर चढवली. बूटलोडर स्वतः मुका असतो, म्हणून यादी आली की बीप वाजावी अशी सोय तिने केली होती.

"अक्का, ये गं जरा. पडद्यावर काय आहे?"

"काळ्यावर पांढरं. खूप काहीतरी."

"वर्णन नको, वाच."

थोरलीने चष्मा चढवला. "लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं मीडियम सापडत नाही, म्हणतंय. म्हणजे बिघडलं ना? सोड आता. माझ्या शेजारी बस, डबा तरी एकत्र खाऊ. त्या टायपिंगला काय सोनं लागलंय?"

"तुझ्याशेजारी बसले तर दिवसभर तुझंच ऐकावं लागेल."

तंत्रज्ञ हसला. थोरली हसली नाही.

धाकटीला चूक उमगली. फाइल कुठे आहे ते तिने बूटलोडरला सांगितलं होतं. पण तो प्रणालीला उठवतो आणि बाजूला होतो. उठलेल्या प्रणालीला आपली फाइल कुठे आहे ते ठाऊक नसतं. तोच पत्ता तिलाही स्वतंत्रपणे द्यावा लागतो. घरी पेन ड्राइव्हवरून चालवताना ही वेळ कधी आली नव्हती.

"ताई, सरका, मी घालतो," तंत्रज्ञ म्हणाला.

"आणि साहेब म्हणतील, रोज कोण घालून देणार? हात मागे घ्या."

तिने मशीन पुन्हा सुरू केलं. बीप. खाली एकदा, मग ओळ दुरुस्त करायचं बटण. थोरली सांगेल तशी ती योग्य ओळीवर उतरली, शेवटाला गेली आणि पत्ता टाइप केला.

"आता एकेक अक्षर वाच."

थोरली वाचू लागली. मध्येच थांबली. गप्प राहिली असती तर मशीनही गप्प राहिलं असतं आणि शेजारची खुर्ची भरली असती.

"इथे लाइव्हमधला एल लहान आलाय," ती म्हणाली. "वरच्या ओळीत मोठा आहे."

धाकटीने अक्षर बदललं आणि मशीन पुढे सोडलं. बराच वेळ नुसता पंखा घुमत होता. मग मशीनने डेस्कटॉपवरच्या आयकॉन्सची नावं एकामागून एक वाचायला घेतली.

"काय भरभर बोलतं मेलं," थोरली म्हणाली आणि डोळे पुसत फोनकडे गेली.

धाकटीने ती दुरुस्ती बूटलोडरच्या फाइलमध्ये कायमची उतरवली. तेवढ्यात व्यवस्थापक आले. "बंद केलं की ही प्रणाली सगळं विसरते ना?"

"विसरू दे. टाइप केलेलं सर्व्हरवर जातं."

"तरी मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल. तोवर तुम्ही फोनवर बसा."

"तोवर मी इथेच बसते. संध्याकाळपर्यंत बोललं पाहिजे, असं तुम्ही म्हणालात. बोललं."

"अहो, नियम—"

"नियम नव्या प्रणालीचा आहे. तिला मी हात लावलेला नाही. तपासून घ्या."

व्यवस्थापक केबिनमध्ये गेले.

कचेरी सुटली तेव्हा केबिनचं दार बंदच होतं. धाकटीला फोनवर बसवायच्या बदलीच्या कागदावर सही झालेली नव्हती आणि तो मागेही घेतलेला नव्हता. धाकटीने हेडफोन चढवून पुढचं ध्वनिमुद्रण लावलं होतं.